धाप नसतानाचा पंप

"पोरगं आता चांगलं खेळतंय, रात्री झोपतंय, खोकला नाही, घरघर नाही. मग सिस्टर, पंप कशाला चालू ठेवायचा?" दम्याच्या मुलांच्या आईबापांचा वर्ग घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न मी ऐकत आले आहे. मिरजेत नर्सिंग शिकले, सांगलीत मुलांच्या दवाखान्यात नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावरही शनिवारी दुपारचा हा वर्ग माझ्याकडेच राहिला. प्रश्न विचारणारी बाई अडाणी नसते, निष्काळजी तर मुळीच नसते. पोराला धाप लागली की रात्री दोन वाजता मोटारसायकलवर मागे बसून, त्याला पदरात गुंडाळून ती दवाखाना गाठते. तिचं म्हणणं एवढंच असतं की दुखणं असेल तर औषध, दुखणं नसेल तर औषध नाही. ताप, जुलाब, पडसं यांना हा हिशेब लागूही पडतो.

याचं वैद्यकीय उत्तर सरळ आहे. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ही सूज मूल हसत-खेळत असतानाही थोडीफार असतेच. सुजलेली नळी चिडकी होते. सर्दीचा विषाणू, चुलीचा धूर, पहाटेचा गारवा, गादीच्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, यातलं काहीही निमित्त झालं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ सुटतो आणि हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. सालब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत मुलाला मोकळं वाटतं, चार-सहा तासांत असर संपतो, सूज मात्र होती तिथेच राहते. ब्युडेसोनाइडसारख्या औषधाचा दुसरा पंप ही सूज उतरवतो, पण हळूहळू, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबानं. तो घेताना काही जाणवत नाही आणि बंद केल्यावरही लगेच काही जाणवत नाही. मग पहिल्या पावसात, नाहीतर तोडणीच्या हंगामात उसाचे फड पेटले आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायला लागली, की तेच मूल पोट उडवत पुन्हा दवाखान्यात येतं.

आईला हे सगळं कळतं. घरी जाऊन ती नवऱ्याला समजावूनही सांगते. तरी दोन-तीन महिन्यांत पंप कपाटात गेलेला असतो. माहिती कमी पडली म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. आपण तिला जे कर्म सांगतो ते कोणत्या प्रकारचं आहे, हे तिच्या मनात ठरलेलं नसतं, आणि ते ठरल्याशिवाय कोणतीही गोष्ट रोजच्या जगण्यात बसत नाही. हे ठरवण्याची भाषा आपल्याकडे फार जुनी आहे. दवाखान्यात ती कोणी वापरत नाही, एवढंच.

माझे वडील माळकरी, प्राथमिक शाळेत मास्तर. घरात ज्ञानेश्वरीशेजारी टिळकांचं गीतारहस्य असायचं, १९१५ साली निघालेल्या त्या ग्रंथाची एक जुनी, पाठीला कापड चिकटवलेली प्रत. वेदांतल्या कर्मांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी कर्माचे कोणते प्रकार केले ते टिळक त्यात समजावून सांगतात, आणि वडील ते आम्हाला सांगत. रोज करायचं ते नित्य, संध्यावंदनासारखं. काही निमित्त घडलं तरच करायचं ते नैमित्तिक, ग्रहण लागलं की स्नान करायचं तसं. काही हवं म्हणून करायचं ते काम्य, पुत्र हवा, पाऊस हवा म्हणून केलेला यज्ञ. यातलं नित्यकर्म लहानपणी मला सगळ्यांत विचित्र वाटायचं. कारण ते केलं तर वेगळं असं काही फळ मिळत नाही आणि न केलं तर मात्र दोष लागतो. त्याला प्रत्यवाय म्हणतात. फळ नाही तर माणूस ते का करेल, असं मी विचारायचे. वडील म्हणायचे, करून बघ, मग विचार.

दम्याच्या वर्गात उभी राहिले तेव्हा या विभागणीचा अर्थ मला नीट लागला. सालब्युटामॉलचा पंप हे नैमित्तिक कर्म आहे: धाप लागली की घ्यायचा, आणि त्याचं फळ डोळ्यांसमोर. ब्युडेसोनाइडचा पंप हे नित्यकर्म. घेतला तर काही घडत नाही, आणि काही न घडणं हेच त्याचं काम. रात्र सरते, मूल शाळेत जातं, गॅदरिंगमध्ये नाचतं, आणि यातलं काहीही पंपाच्या खात्यावर कोणी मांडत नाही. न घेतला तर मात्र प्रत्यवाय, तोही आठवड्यांनी, आपण पंप विसरून गेल्यावर. आईबापांची अडचण इथे आहे. नैमित्तिक त्यांना येतं आणि काम्य तर फारच चांगलं येतं.

काम्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याची थट्टा करणारे पुष्कळ आहेत आणि मला ती थट्टा आवडत नाही. मृग नक्षत्र लागलं की हैदराबादला दम्यासाठी जिवंत मासा देतात. बत्तिनी घराण्यातले लोक माशाच्या पिल्लाच्या तोंडात औषधाचा लगदा घालून ते रुग्णाला गिळायला लावतात. शाकाहारी माणसाला तेच औषध गुळातून मिळतं. औषधात काय असतं ते घराण्याबाहेर सांगत नाहीत. आमच्या भागातून लोक तिकडे जातात. कोजागरीच्या रात्री ठिकठिकाणी चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध वाटतात, तिथेही रांगा लागतात. यातून सूज उतरते असं मी मानत नाही. पण बाप पोराला खांद्यावर घेऊन रात्रभर गाडीत उभा राहतो, रांगेत थांबतो, पथ्य पाळतो, ते प्रेम खोटं नाही. काम्य कर्माला सुरुवात असते, कष्ट असतात, गर्दी असते आणि मुख्य म्हणजे शेवट असतो. नवस फेडला की संपलं. रोजच्या पंपात यातलं काही नाही. घरात, मोरीशेजारी, दात घासायच्या आधी, कोणी बघत नसताना दोनदा दाबायचा आणि उद्या पुन्हा.

दमा ऋतूप्रमाणे वरखाली होतो. नवस माणूस बोलतो तो वाईट दिवसांत, आणि वाईट दिवस पुष्कळदा आपोआप सरतात. श्रेय मात्र नवसाला जातं. म्हणून वर्गात मी एवढंच मागते, की हैदराबादला जायचं असेल तर जा, पण रोजचा पंप बंद करून जाऊ नका आणि धापेचा पंप खिशात ठेवा. नवस आणि पंप यांतलं एक निवडायला लावलं की माणूस देव निवडतो, आणि मग पोराचे हाल होतात.

"कायमचा बरा होईल का?" हा "पंप कशाला?" याच्याच जोडीचा प्रश्न. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला तमकश्वास म्हणजे आपला दमा, असं वैद्य मानतात. आडवं झालं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, आणि ढग, पाऊस, गारवा, पूर्वेचा वारा यांनी तो चढतो, हे तिथलं वर्णन आजही कोणत्याही आईच्या तोंडून ऐकायला मिळेल. असा दमा नवा असेल तर बरा होऊ शकतो, एरवी तो याप्य, म्हणजे उपचार चालू आहेत तोवर ताब्यात राहणारा. बरा होणारा आणि न होणारा यांच्यामध्ये त्या वैद्यांनी आजारांसाठी तिसरी जागा राखून ठेवली होती. आज बऱ्याच घरांत ती जागा नाही. बरा होणार नाही म्हटलं की रडारड, होईल म्हटलं की औषध बंद. काही मुलांची लक्षणं वयात येताना खरोखर जातात, काहींची मोठेपणी परत येतात. कोणाचं काय होईल हे आठ वर्षांच्या मुलाकडे बघून मला सांगता येत नाही आणि मी सांगतही नाही.

नित्यकर्माची ही भाषा मी जशीच्या तशी उचललेली नाही. मीमांसेच्या व्यवस्थेत वैदिक कर्माचा अधिकार जन्मावर ठरायचा. शूद्राला तो नव्हता आणि बाईला स्वतःचा असा नव्हता, नवऱ्याबरोबर बसण्यापुरता होता. माझ्या वर्गात येणाऱ्या बहुतेक बायांना, आणि मलाही, मीमांसासूत्रं रचणाऱ्या जैमिनींच्या यज्ञशाळेत कोणी उभं केलं नसतं. हळदीच्या पेठेत दिवसभर धुळीत काम करून येणाऱ्या बाईला मी ती भाषा देते तेव्हा हे मला ठाऊक असतं. पण आमच्याकडे संतांनी हे दार कधीच मोडून ठेवलं आहे. नामाला अधिकार लागत नाही, सोवळं लागत नाही, मुहूर्त लागत नाही, आणि तरी ते रोज घ्यायचं असतं. नित्याचा नेम ठेवला आणि अधिकाराची अट काढून टाकली, ही वारकऱ्यांनी केलेली फार मोठी गोष्ट आहे असं मी मानते. छातीत हवा घ्यायला जन्म विचारला जात नाही. मग ती हवा सांभाळण्याचा नेमही सगळ्यांचा.

दुसरी दुरुस्ती प्रत्यवायाची. दोष हा शब्द आईच्या हातात नुसता दिला तर ती तो स्वतःच्या उरावर घेते. एक पंप चुकला आणि त्याच आठवड्यात पोराला धाप लागली, की ती म्हणणार, माझ्यामुळे झालं. तसं नसतं. एकही पंप न चुकवणाऱ्या मुलालाही जोराच्या सर्दीत धाप लागते. चुकलेला पंप दुसऱ्या वेळी दुप्पट घेऊन फेडायचा नसतो, पुढच्या वेळचा नेहमीप्रमाणे घ्यायचा. कर्म आपल्या हातात आणि फळ नाही, हे गीतेचं सांगणं आमच्या भागात माणसं सहज बोलून जातात, पण दम्याच्या मुलाच्या आईला ते पेलावं लागतं तसं फार थोड्यांना लागत असेल. तिनं सगळं केलं तरी एखादी रात्र वाईट येणार आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच पंप हातात घ्यायचा. फळाकडे बघू नका असं मात्र मी सांगत नाही. महिन्यात किती रात्री उठवलं, किती दिवस शाळा बुडाली, धापेचा पंप किती वेळा लागला, हे लिहून आणायला लावते. डॉक्टर त्यावरच औषध वाढवतात आणि कमी करतात.

वर्गात सगळ्यांत जास्त वेळ जातो तो हात बसवण्यात. पंप हलवायचा. टोपण काढून तोंडाशी काही अडकलं नाही ना ते बघायचं. स्पेसरच्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळकांड्याच्या, मागच्या भोकात बसवायचा. मूल ताठ बसलेलं. मोठं असेल तर श्वास सोडून नळी दातांमध्ये, ओठ घट्ट, एक दाब, संथ खोल श्वास आत आणि तो धरून मनात दहापर्यंत आकडे. लहान असेल तर मास्क नाकातोंडावर फट न ठेवता टेकवायचा आणि पाच-सहा साधे श्वास घेऊ द्यायचे. झडपेची टकटक ऐकू येते, तिच्यावरून श्वास मोजता येतात. दुसरा पफ असेल तर पंप पुन्हा हलवायचा, दोन एकदम मारायचे नाहीत. शेवटी चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात औषध राहून छाले येत नाहीत. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा, आतून पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. फडक्यानं घासला की प्लास्टिकला औषध चिकटतं आणि छातीत कमी जातं. आणि मूल रडत असताना घाई करायची नाही, कारण रडणाऱ्याच्या छातीत औषध फारच थोडं पोचतं. चौघांनी हात-पाय धरून दिलेला पंप बहुतेक गालावरच जातो.

एकदा हे दाखवत असताना मागे बसलेली एक आजी म्हणाली, "अगं, हा तर कुंभक." नातवाला तिनं तिथल्या तिथे पूरक, कुंभक, रेचक म्हणून दाखवलं आणि त्यानं पहिल्याच खेपेला दहा आकडे धरले. प्राणायाम करावा का, हे मला नेहमी विचारतात. बरं असताना जरूर करावा. श्वासाची ओळख होते, घाबरेपणा कमी होतो. पण आतली सूज त्यानं उतरत नाही, आणि धाप लागलेल्या मुलाला श्वास धरायला लावणं धोक्याचं आहे.

धाप किती गंभीर आहे हे आईला कसं कळावं? छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचं भांडण आहे, थोर कोण यावर. वाणी वर्षभर निघून जाते, मग डोळे, मग कान, मग मन, आणि प्रत्येकाशिवाय माणूस कसाबसा जगतो. प्राण निघायला लागतो तेव्हा मात्र बाकीची सगळी उखडायला लागतात आणि त्याला हात जोडतात. वडिलांकडून ऐकलेली ही गोष्ट मी पुढे वॉर्डात रोज पाहिली. म्हणून आयांना सांगते, मुलाला बोलायला लावा. शाळेचं नाव, सरांचं नाव, घरचा पत्ता एका दमात सांगतोय का? दोन-दोन शब्दांवर थांबतोय का? वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही फरक पडत नसेल, तर वाट बघायची नाही. वाटेत पंप देत दवाखाना गाठायचा.

आता ज्या गोष्टीनं माझा जीव तुटतो ती. सगळं समजावून झालं की एखादा बाप हळूच विचारतो, "आमच्याच पोराला का? कुणाचं भोगतंय हे?" कधी सासू सुनेकडे बघून म्हणते, पूर्वजन्मीचं काहीतरी. मूल तिथेच बसलेलं असतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला प्रारब्ध शब्द कळत नाही, पण आपण कोणाच्या तरी पापाची शिक्षा आहोत एवढं मात्र नेमकं कळतं. कर्मसिद्धान्त मी मानते. वारकऱ्याच्या घरात वाढले आहे, नाकारायचा म्हटला तरी नाकारता येणार नाही. पण तो सिद्धान्त स्वतःकडे बघायला दिलेला आहे, दुसऱ्याचं दुःख दाखवून द्यायला नव्हे. संचित आणि प्रारब्धाबरोबर तिथे क्रियमाणही आहे, आत्ता हातून होतं आहे ते. आजारी मुलासमोर प्रारब्धाचं नाव काढणारी माणसं क्रियमाण विसरतात, आणि त्या क्षणी त्यांचं क्रियमाण काय असतं, तर लेकराला दुखावणं. हे मी वर्गात स्पष्ट बोलते. वडीलधारी माणसं रागावतात. रागावू देत.

आजार म्हणजे कोणाचं तरी पाप, या समजाची शरम कागदावरही येते. "दमा लिहू नका, बाळदमा लिहा," किंवा "मुलगी आहे, अॅलर्जीचा खोकला म्हणा." लग्नाची काळजी पाचव्या वर्षापासून. शाळेला कळू नये म्हणून दप्तरात पंप देत नाहीत, आणि धाप तर खेळाच्या तासालाच लागायची. पंपाची सवय लागते ही भीती तर घरोघर. त्यांना मी औषधाचा हिशेब सांगते. गोळीत चार मिलिग्रॅम सालब्युटामॉल असतं, पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं. गोळी पोटातून साऱ्या अंगभर जाऊन छातीत पोचते, पंप थेट छातीत. रोजच्या पंपानं उंची खुंटते का, असं विचारतात त्यांना मी खरं तेच सांगते. उत्तर अमेरिकेत हजारावर मुलांना वर्षानुवर्षं तपासून २०१२ साली निष्कर्ष आला: लहानपणी रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. हे लपवलं तर उद्या त्यांचा माझ्यावर विश्वास राहायचा नाही. सांगितल्यावर बहुतेक आया क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, चालेल.

देवघराचा प्रश्न त्याहून नाजूक. एका घरात मुलाचा दमा कशानं आटोक्यात येईना. महापुरानंतर भिंतींना ओल होती, बुरशी होती, ती घरच्यांनी चुना लावून, फडताळ हलवून आटोक्यात आणली होती. उरला सकाळ-संध्याकाळचा धूप. आजी बंद करायला तयार नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंपासूनची रीत, ती नातवासाठी मोडायची तर देवाचा अपराध. मी त्यांना म्हटलं, आजी, गीतेत देवानं स्वतः मागितलेल्या वस्तू आठवून बघा. पान, फूल, फळ, पाणी. त्यात धूर कुठे आहे? त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण वास आला की मला वाटतं, पोचलं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तो वास त्यांचा पुरावा होता, रोजच्या पूजेला लाभलेलं तेवढंच फळ. न जाणवणाऱ्या नित्यकर्माचा भार मी आईवर टाकत होते, तसाच आता आजींवर टाकत होते. त्यांनी धूप अंगणात तुळशीपाशी नेला, वाऱ्याची दिशा बघून. घरात निरांजन आणि फुलं. हा त्यांचा त्याग आहे, मी त्याला सवलत म्हणणार नाही.

शेवटी नेम कोणाचा, हा प्रश्न येतो. दुसऱ्याच्या वतीनं नित्यकर्म होत नाही. मूल तीन वर्षांचं असताना आई मास्क धरते ते ठीक, पण चौदाव्या वर्षी? दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांमध्ये शरणागतीवरून वाद झाला तेव्हा दोन दृष्टान्त पुढे आले. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. माकडाचं पिल्लू स्वतः आईच्या पोटाला घट्ट धरतं. देव कसा तारतो, पहिल्या रीतीनं की दुसऱ्या, यावरून पंथ झाले. दम्याच्या घरात दोन्ही रीती लागतात, आणि पहिलीकडून दुसरीकडे कधी जायचं हेच आईबापांना शिकवायचं असतं. सात-आठ वर्षांच्या मुलानं पंप स्वतः मारावा, आईनं बघावं. अकरा-बाराला आठवण त्याची त्यानं ठेवावी, आईनं अधूनमधून विचारावं. हात एकदम काढून घेतला तर पंप बंद पडतो. काढलाच नाही, तर मूल पंपाला आईचा पंप समजतं.

सहावीतला एक मुलगा आठवतो. दवाखान्यापासून दूर, तासगावच्या बाजूचा. आई बाहेरच्या खोलीत, हा आत. पंपाचा फुस्स आवाज आला की आई निश्चिंत. तो पंप खिडकीतून बाहेर मारायचा. आवाज झाला, विधी झाला, छातीत काही गेलं नाही. श्रद्धेवाचून केलेलं कर्म कसं असतं ते याहून स्पष्ट मी पाहिलेलं नाही. आई मारायला उठली, तिला आवरलं. मी त्याला का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मला काही होत नाहीये ना पण." अगदी तोच प्रश्न, जो आया विचारतात. त्याला पीक फ्लो मीटर दिलं, जोरात फुंकल्यावर आकडा दाखवणारं, आणि सांगितलं की पंप घ्यायचा की नाही ते आम्ही सांगणार नाही, तू रोज सकाळी फुंक आणि वहीत मांड. पहिले आकडे २२०च्या आसपास होते. मग त्यानं आपल्या मनानं पंप सुरू केला. काही आठवड्यांत आकडा २९०ला गेला. वही आणून त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, मला काही होत नव्हतं असं मला वाटत होतं.

पंप मुळात निघाला तोही एका मुलीनं विचारल्यामुळे. अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेझन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. त्या काळी काचेच्या नाजूक यंत्राचा रबरी फुगा दाबून औषध ओढावं लागे. केसांच्या स्प्रेच्या डब्यासारख्या डब्यात माझं औषध का भरत नाही, असं तिनं वडिलांना विचारलं, आणि १९५६ साली मापून औषध सोडणारा पहिला पंप बाजारात आला. त्या मुलीला अधिकार आहे का, हे तिच्या वडिलांनी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी एक आजोबा नातवाला घेऊन आले, गळ्यात माळ, रोज हरिपाठ म्हणणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, नित्यकर्म म्हणता ते पटलं. पण हरिपाठ मी आवडीनं म्हणतो. याला पंपाची आवड कशी लागणार?" त्यांचं खरं होतं. पंपात प्रेम करण्यासारखं काही नाही. तो घेतल्यावर जे जमतं त्याच्यावर प्रेम करता येतं, आणि ते मुलाला स्वतःलाच ठरवू द्यावं लागतं. तीन-एक महिने दमा चांगला ताब्यात राहिला तर डॉक्टर डोस एक पायरी खाली आणतात, हेही मी त्यांना सांगितलं. मुलाला काय जमायला हवं होतं ते त्यानंच सांगितलं: आजोबांबरोबर वारीत चालायचं. सगळी वाट नको, दोन-तीन मुक्काम तरी. आम्ही तिथेच बसून कागद केला. रोजचा पंप किती वेळा, धाप लागली तर दुसरा किती आणि किती वेळानं, कोणत्या खुणा दिसल्या की वारीतल्या आरोग्य पथकाकडे धावायचं. डॉक्टरांनी त्यावर सही केली, एक प्रत दिंडीच्या विणेकऱ्यांकडे द्यायची ठरली. स्वयंपाकाच्या राहुटीपासून लांब झोपायचं, भिजलेले कपडे अंगावर ठेवायचे नाहीत, बुक्का उधळतात तिथे तोंडावर रुमाल. पंपावर आकडा नव्हता, म्हणून किती दाब उरलेत ते घरी हिशेब करून बघा, कमी वाटले तर निघण्याआधी नवा घ्या, असं सांगितलं. पंप कोणी जवळ ठेवायचा यावर आजोबा आणि नातू यांच्यात थोडा वाद झाला. एक नातवाच्या कमरेच्या पिशवीत आणि जास्तीचा आजोबांच्या, असं ठरलं. आषाढी झाली की आकड्यांची वही घेऊन या, म्हटलं.